घरी ये, पण लगेच नको

पत्र: मी रावेर तालुक्यातली. नेदरलँड्समधल्या वाखेनिंगेन विद्यापीठात एमएस्सीच्या (वनस्पतीशास्त्र) शेवटच्या वर्षाला आहे. २२ लाखांचं शैक्षणिक कर्ज आहे. मला घरी यायचंय, पण नाना, माझे वडील, म्हणतात, "इथं काय ठेवलंय? तिकडंच राहा." गेल्या वर्षी केळीवर आलेल्या हरण्या रोगामुळे त्यांना अर्धी बाग उपटावी लागली. मी काय करू?

उत्तर: नानांचं बोलणं मनाला लावून घेऊ नकोस, बेटा. पानावरचे पिवळे पट्टे शोधत ओळीनं जायचं, पोटच्या पोरासारखी वाढवलेली झाडं मुळासकट काढून बागेबाहेर टाकायची, हे ज्यानं केलंय तो लेकीला 'ये' कोणत्या तोंडानं म्हणेल?

पण 'इथं काय ठेवलंय' याचं उत्तर तुझ्याच अभ्यासात आहे. हरण्या होतो सीएमव्ही, म्हणजे कुकुंबर मोझॅक व्हायरस, या विषाणूमुळे. तो मावा या रस शोषणाऱ्या किडीमुळे पसरतो, तसाच रोगट रोपांतूनही शेतात येतो. आपल्याकडे टिश्यूकल्चरच्या, म्हणजे प्रयोगशाळेत वाढवलेल्या रोपांच्या, ग्रँड नैन या केळीच्या जातीची लागवड मोठी आहे, म्हणजे रोप विषाणूमुक्त आहे की नाही हे तपासणाऱ्या माणसाची गरजही मोठी. टिश्यूकल्चरच्या प्रयोगशाळा जळगावात आहेत, राहुरीच्या कृषी विद्यापीठाचं केळी संशोधन केंद्रही जळगावातच आहे. आणि तू जिथं शिकतेस तिथं केळीच्या पनामा या मर रोगावर जगात नावाजलेलं काम चालतं. त्या लोकांना अजून भेटली नसशील तर याच आठवड्यात भेट.

तरीही माझं स्पष्ट मत आहे की पदवी हातात पडताच विमानात बसू नकोस. कारण कर्ज. १० टक्के व्याज आणि १० वर्षांची मुदत धरली तर २२ लाखांचा हप्ता महिना सुमारे २९ हजार होतो. शिकतानाचं व्याज मुद्दलात चढलं असेल तर आणखी जास्त. जळगावातल्या पहिल्या पगारातून हा हप्ता देताना तुझी ओढाताण होईल, आणि मग नाना बागेच्या पैशातून भरायला निघतील. ते तुलाही नकोय.

तिथं पदवीधरांना नोकरी शोधण्यासाठी एक वर्षाचा परवाना मिळतो, झूकयार म्हणतात त्याला. त्या वर्षात कुठलीही नोकरी करता येते. शिक्षण संपल्यापासून तीन वर्षांच्या आत त्यासाठी अर्ज करता येतो, ही गोष्ट नीट लक्षात ठेव. नानांची तब्येत बिघडली, घरी यावंच लागलं, तर ये. परवाना घेतलेला नसेल तर तो दरवाजा तेवढा काळ उघडा आहे. मात्र एकदा घेतला की वर्ष सुरू होतं आणि ते वाढवून मिळत नाही. म्हणून गोदामात पेट्या भरण्यात ते घालवू नकोस. विषाणू तपासणी, रोपवाटिका, बियाणं कंपनी, एवढ्यातच शोध. तिथं नोकरी पक्की होऊन दोन-तीन वर्षं तसं काम केलंस तर जळगावातली प्रयोगशाळा तुला शिकाऊ म्हणून नाही, जाणकार म्हणून घेईल.

इथं सरकारी किंवा विद्यापीठाच्या नोकरीसाठी परदेशी पदवीचं समकक्षता प्रमाणपत्र मागतात. त्याची कागदपत्रं तिथून निघायच्या आधीच गोळा कर, मागाहून फार वेळ जातो.

आणि नानांशी पुढच्या वेळी बोलशील तेव्हा 'येऊ की नको' विचारूच नकोस. पुढच्या लागवडीची रोपं कुठून घेताय, रोपांबरोबर विषाणू तपासणीचा दाखला मिळतो का, बागेशेजारी काकडी-भोपळ्याची वेल आहे का, हे विचार. या वेलींवर हा विषाणू वाढतो, हे तूच त्यांना सांग.