ओटीपी आलाच नाही, मग पैसे गेले कसे?

प्रश्न : आईचं बचत खातं आहे. तिच्याकडे साधा बटणांचा फोन, एटीएम कार्ड तर तिने घेतलेलंच नाही. पासबुक भरून आणलं तर चार दिवसांत दहा-दहा हजारांच्या तीन एन्ट्र्या, समोर ‘एईपीएस’. कुणाला ओटीपी दिला नाही, मेसेजही आला नाही. बँकेत म्हणतात, ‘अंगठा तुमच्या आईचाच आहे.’ हे होतं कसं? आणि पैसे परत मिळतील का?
— एक वाचक, बार्शी

उत्तर : बँकवाले आणि तुमच्या आई, दोघंही खरं बोलत असू शकतात. एईपीएस म्हणजे आधारवर पैसे काढायची सोय. ग्राहक सेवा केंद्रवाला त्याच्या मशिनला तीनच गोष्टी देतो : आधार क्रमांक, बँकेचं नाव आणि बोटाचा ठसा. पिन नाही, कार्ड नाही, ओटीपी नाही. ठसा जुळला की पैसे निघाले. एका व्यवहाराची मर्यादा १० हजारांची, म्हणून चोरीसुद्धा दहा-दहा हजारांच्या हप्त्यांत होते.

ठसा मिळवायच्या दोन वाटा आहेत. पहिली जमिनीच्या दस्तातून जाते. नोंदणी कायद्याच्या कलम ३२अ नुसार खरेदीखताला घेणाऱ्या-देणाऱ्याचे फोटो आणि बोटांचे ठसे लावावेच लागतात. त्याच कायद्याचं कलम ५७ सांगतं की स्थावर मालमत्तेच्या दस्तांची नोंदवही फी भरून कुणीही पाहू शकतो, नक्कल घेऊ शकतो. त्यात दस्ताला आधारची झेरॉक्स जोडलेली असली की क्रमांक आणि ठसा एकाच गठ्ठ्यात हाती येतात. हरियाणा आणि तेलंगणात पकडलेल्या टोळ्यांनी नेमके असे दस्त मिळवून त्यांवरून नकली ठसे बनवले होते. पुढे आधार प्राधिकरणाने फेब्रुवारी २०२३ मध्ये ठसा जिवंत बोटाचा आहे की साच्याचा, हे ताडणारी तपासणी आणली. त्यामुळे ही वाट अवघड झाली, पण बंद झाली असं समजून निर्धास्त राहू नका.

दुसरी वाट जास्त साधी आणि बोट खरंच आईचं असण्याची. ‘मावशी, ठसा नीट उमटला नाही, बोट पुसून परत ठेवा.’ पहिल्यांदा पाचशे रुपये निघाले, ते हातात मिळाले. दुसऱ्यांदा दहा हजार निघाले, ते मशीनवाल्याकडे राहिले. सिमचं केवायसी किंवा ‘योजनेची पडताळणी’ अशा नावाखालीही अंगठा घेतला जातो. म्हणून आईंना आधी हे विचारा, की त्या चार दिवसांत कुठे कुठे बोट ठेवलं होतं.

पुरावा घरबसल्या मिळतो. ‘माय आधार’ संकेतस्थळावर लॉगिन करून ‘ऑथेंटिकेशन हिस्टरी’ उघडा. मागच्या सहा महिन्यांतल्या पडताळण्या तारीख-वेळेसह दिसतात आणि ती ठशाने झाली की ओटीपीने, हेही कळतं. मिनिटा-दोन मिनिटांच्या फरकाने ठशाच्या दोन यशस्वी नोंदी असतील तर ‘परत ठेवा’चा संशय बळावतो. आई बार्शीत घरी असताना, भलत्याच वेळी नोंद पडली असेल तर साच्याचा. त्या पानाची प्रिंट तक्रारीला जोडा.

तक्रार दोन ठिकाणी करायची आणि आजच करायची. सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, म्हणजे १९३० ला फोन लावा आणि बँकेत लेखी अर्ज द्या. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि तारीख घेतल्याशिवाय काउंटर सोडू नका. रिझर्व्ह बँकेच्या जुलै २०१७ च्या परिपत्रकानुसार चूक ग्राहकाची नाही आणि बँकेचीही नाही, अशा वेळी व्यवहाराची सूचना मिळाल्यापासून कामकाजाच्या तीन दिवसांत कळवलं तर ग्राहकावर काहीच भार येत नाही. चार ते सात दिवसांत कळवलं तर ठरलेल्या मर्यादेपर्यंत येतो. त्यानंतर बँकेच्या धोरणावर सोडलेलं आहे. सहकारी बँकांसाठी त्याच वर्षी डिसेंबरमध्ये असंच वेगळं परिपत्रक निघालं, त्यामुळे खातं जिल्हा बँकेत असलं तरी हे लागू पडतं. दिवस सूचना मिळाल्यापासून मोजायचे असल्याने ‘मेसेज आला नाही, पासबुक अमुक तारखेला भरलं तेव्हाच कळलं’ हे वाक्य अर्जात हवंच. चूक ग्राहकाची होती हे सिद्ध करायची जबाबदारी बँकेची आहे. ‘अंगठा तुमचाच’ एवढ्याने ती संपत नाही. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जा, त्याला फी नाही.

आता कुलूप. त्याच संकेतस्थळावर ‘लॉक/अनलॉक बायोमेट्रिक्स’ आहे. मोबाइल आधारला जोडलेला असेल तर ओटीपी टाकून दोन मिनिटांत होतं. नसेल तर आधी आधार केंद्रात जाऊन नंबर जोडून घ्यावा लागतो. ओटीपी साध्या फोनवरही येतो. कुलूप लागलं की ठसा, डोळे, चेहरा, सगळंच बंद होतं आणि मशीन ३३० क्रमांकाची त्रुटी दाखवतं. याची दुसरी बाजूही लक्षात ठेवा : रेशन दुकानातल्या ई-पॉसवर अंगठा चालणार नाही, पेन्शनच्या हयातीच्या दाखल्याचंही अडेल. त्या दिवशी तेवढ्यापुरतं उघडायचं. रेशनवाल्याकडे रांग मोठी असेल तर नंबर जवळ आल्यावर उघडा, कारण तात्पुरतं उघडलेलं कुलूप थोड्या वेळात आपोआप परत लागतं.

एक गैरसमज बऱ्याच जणांचा असतो. ‘बँक सीडिंग स्टेटस’मध्ये एकाच बँकेचं नाव दिसतं, म्हणून धोका तेवढ्याच खात्याला आहे असं वाटतं. ते नाव अनुदान कुठे जमा व्हायचं, त्याचं आहे. एईपीएससाठी मशीनवाला बँक स्वतः निवडतो, म्हणजे ज्या ज्या बँकेत आधार खात्याला जोडलं आहे तिथे हात जाऊ शकतो. एईपीएसची गरजच नसेल तर प्रत्येक बँकेत ती सोय बंद करण्याचा अर्ज द्या.

यापुढे झेरॉक्स द्यायची वेळ आली तर मास्क्ड आधार द्या. त्यात पहिले आठ आकडे झाकलेले असतात, शेवटचे चारच दिसतात. उतरवलेल्या फाइलचा पासवर्ड म्हणजे नावाची पहिली चार अक्षरं इंग्रजी कॅपिटलमध्ये आणि पुढे जन्मवर्ष.

प्रश्न : घरात नवऱ्याशी पाण्याच्या टाकीबद्दल बोलले, फोनला हातही लावला नव्हता. अर्ध्या तासात टाकीची जाहिरात! फोन ऐकतोय ना?
— एक वाचक, डोंबिवली

उत्तर : जवळपास नक्कीच नाही, आणि हे साध्या गुणाकाराने तपासता येतं. समजेल इतपत आवाज पाठवायला सेकंदाला साधारण २ किलोबाइट लागतात. तासाला ७ एमबी, दिवसाला १७० च्या वर. रोजच्या दीड जीबीतला नववा हिस्सा असा गेला तर तो डेटाच्या हिशेबात दिसेल, आणि बॅटरी दुपारीच मान टाकेल. अमेरिकेतल्या नॉर्थईस्टर्न विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१८ मध्ये १७ हजारांहून जास्त अँड्रॉइड ॲप्स तपासली. चोरून आवाज पाठवणारं एकही सापडलं नाही. काही ॲप्स मात्र स्क्रीनवर काय चाललंय त्याचं चित्रण बाहेर पाठवत होती, ज्याची भीती कुणालाच वाटत नव्हती.

मग टाकी कुठून आली? नवऱ्याने त्याच वाय-फायवर आदल्या दिवशी शोधली असेल. हार्डवेअरच्या दुकानात बिलावर मोबाइल नंबर दिला असेल. दुकानं आणि कंपन्या अशा नंबरांच्या याद्या जाहिरात यंत्रणेला देतात आणि तिथे तुमच्या खात्याशी जोडी लागते. टाकीची जाहिरात आधीही दोनदा येऊन गेली असेल, बोलणं झाल्यावर डोळ्यांत भरली इतकंच.

‘ओके गुगल’चं प्रकरण मात्र वेगळं. ते शब्द ओळखायला फोन कान उघडे ठेवतो आणि कधी कधी भलत्याच शब्दावर जागा होतो. गुगल, ॲपल आणि ॲमेझॉन, तिघांच्याही सहायकांनी टिपलेल्या आवाजांतला काही भाग माणसं बसून ऐकतात, हे २०१९ मध्ये उघड झालं. वापरत नसाल तर बंद करून टाका.

अँड्रॉइड १२ पासून माइक चालू असेल तर वर कोपऱ्यात हिरवी खूण येते आणि ‘प्रायव्हसी डॅशबोर्ड’मध्ये मागच्या २४ तासांत कुठल्या ॲपने माइक वापरला ते दिसतं. सेटिंग्जमध्ये ‘गुगल’, त्यात ‘ॲड्स’ उघडून जाहिरात-ओळख पुसून टाका. जाहिराती थांबणार नाहीत, पण ॲपा-ॲपांतून तुमचा माग काढणं अवघड होईल.

प्रश्न : पुतण्याच्या नंबरवरून व्हॉट्सॲपवर ‘लग्नपत्रिका’ आली. उघडली, इन्स्टॉलला ‘हो’ म्हटलं, पत्रिका दिसलीच नाही आणि ॲपचं चिन्हही गायब. काय करू?
— एक वाचक, कोपरगाव

उत्तर : पत्रिका पीडीएफ असते, फोटो असतो, व्हिडिओ असतो. नावाच्या शेवटी ‘एपीके’ असलेली पत्रिका जगात नाही. ते तुमचे एसएमएस वाचणारं ॲप आहे, आणि आता तुमच्या नंबरवरून तीच पत्रिका इतरांना जात असण्याची शक्यता मोठी आहे.

आधी एअरप्लेन मोड लावा, वाय-फायही बंद झालं का ते पाहा. सिम काढून साध्या फोनमध्ये घाला. तिथून बँकेला फोन करून यूपीआय आणि नेट बँकिंग थांबवा. पैसे गेले असतील तर १९३०. त्याच फोनवरून ##००२# लावा. याने सगळं कॉल फॉरवर्डिंग रद्द होतं. ही पायरी लोक हमखास विसरतात. फॉरवर्डिंग फोनमध्ये नसतं, मोबाइल कंपनीच्या नेटवर्कमध्ये असतं; फोन कितीही धुऊन पुसून काढला तरी ते तसंच राहतं आणि ओटीपी सांगणारा कॉल चोराकडे जात राहतो.

मग फोटो केबलने संगणकावर घ्या आणि फोन फॅक्टरी रिसेट करा. नुसतं अनइन्स्टॉल करण्यात वेळ घालवू नका. असली ॲप्स ‘ॲक्सेसिबिलिटी’ची परवानगी घेऊन काढू पाहणाऱ्याचा हात धरतात. पासवर्ड दुसऱ्या, स्वच्छ फोनवरूनच बदला. व्हॉट्सॲपमध्ये ‘लिंक्ड डिव्हायसेस’ रिकामं करा आणि सहा आकडी पिन लावा. पुतण्याला फोन करा, बिचाऱ्याला बहुधा पत्ताच नसेल.

प्रश्न : जुना फोन विकायचा आहे. रिसेट केल्यावरही फोटो परत काढता येतात म्हणे. आधी मोठमोठे व्हिडिओ भरून पुसायचे का?
— एक वाचक, मडगाव

उत्तर : तो सल्ला जुन्या काळचा. अँड्रॉइड १० किंवा पुढची आवृत्ती घेऊनच बाजारात आलेल्या फोनमध्ये सगळा डेटा कुलूपबंद साठवलेला असतो आणि रिसेटमध्ये त्या कुलपाची किल्लीच नष्ट होते. व्हिडिओ भरायची गरज नाही. रिसेटच्या आधी गुगल खातं फोनमधून काढा, नाहीतर घेणाऱ्याला फोन सुरूच करता न येण्याची शक्यता असते आणि तो तुमच्या दारात उभा राहील. मेमरी कार्ड मात्र काढून ठेवा. ते सहसा कुलूपबंद नसतं आणि त्यावरचे पुसलेले फोटो खरंच परत येतात.

प्रश्न : मॉलमध्ये नंबर दिल्याशिवाय बिल होत नाही म्हणतात.
— एक वाचक, नाशिक

उत्तर : होतं. नंबरासाठी बिल अडवणं ही अनुचित व्यापारी प्रथा आहे, असं केंद्राच्या ग्राहक व्यवहार खात्याने मे २०२३ मध्येच दुकानदारांना कळवलं आहे. ‘नंबर नाही, कागदी बिल द्या’ म्हणायचं आणि उभं राहायचं. डेटा संरक्षण कायदा ऑगस्ट २०२३ मध्ये झाला, नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले, पण कंपन्यांवरच्या मुख्य बंधनांना त्यापुढे दीड वर्षाची मुदत दिलेली आहे. तोवर काउंटरवर थोडा निगरगट्टपणा कामी येतो.