विक्रीआधी पुसलेला ‘चेक इंजिन’चा कोड: डीलरवर तक्रार टिकेल का?

प्रश्न: वकील मॅडम, मी नाशिकला राहतो. पुण्यातल्या एका जुन्या गाड्यांच्या डीलरकडून घरच्या वापरासाठी २०१४ ची पेट्रोल गाडी ३,१०,००० रुपयांना घेतली. ताबा घेताना डॅशबोर्डवर कसलाही दिवा नव्हता. चौथ्या दिवशी ‘चेक इंजिन’ लागला. शेजाऱ्यांच्या ब्लूटूथ स्कॅनरने मोबाइलवर पाहिलं तर पी०४२० हा दोषाचा कोड आला आणि ‘कोड पुसल्यापासूनचं अंतर’ ३३८ किलोमीटर दिसलं. तेव्हा मीटरवर ७८,७०२ होते. डिलिव्हरी नोटवर ७८,४१२ लिहिलेत. डीलर म्हणतो, ‘जशी आहे तशी’ घेतो म्हणून तुम्ही सही केलीय, शिवाय स्कॅनर लावून कॉम्प्युटर तुम्हीच बिघडवलात. आमचा मेकॅनिक म्हणतो, कोड पुसून टाकू, दिवा जाईल. काय करावं?

उत्तर: आधी मेकॅनिकला थांबवा. कोड पुसला की त्याच्यासोबतची नोंदही जाते: कोड पडला त्या क्षणी इंजिनाचा वेग किती होता, ते किती तापलं होतं वगैरे. पुसल्यानंतरचं अंतरही पुन्हा शून्यावरून सुरू होतं. तुमच्या हातातला सगळ्यात मोलाचा कागद म्हणा, पुरावा म्हणा, तो हाच आहे.

आता तुम्हीच दिलेले आकडे मांडून पाहा. ७८,७०२ मधून ३३८ वजा केले की ७८,३६४ उरतात. म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरची पाटी कोरी झाली ती ७८,३६४ किलोमीटरला, आणि गाडी तुमच्या ताब्यात आली ७८,४१२ ला. मधल्या ४८ किलोमीटरमध्ये गाडी तुमच्याकडे नव्हती. मीटर आणि कॉम्प्युटर यांच्या मोजणीत थोडा फरक पडू शकतो, पण तो ४८ इतका असणं अवघड आहे. दिवा चौथ्या दिवशी का लागला, याचंही उत्तर इथेच मिळतं. हा कोड साधारणपणे लागोपाठ दोन फेऱ्यांत तोच दोष आढळल्याशिवाय दिवा लावत नाही, आणि ती तपासणी व्हायला गाडी ठरावीक पद्धतीने काही काळ चालावी लागते. त्यामुळे पुसल्यावर काही दिवस डॅशबोर्ड स्वच्छ दिसतो.

पण समोरचा वकील काय विचारेल, तेही सांगते. पहिलं, बॅटरी बदलली किंवा काढून लावली तरी अनेक गाड्यांत ही पाटी कोरी होते. विक्रीआधी नवी बॅटरी घातली होती एवढं बिल त्याने दाखवलं, तर ‘मुद्दाम पुसलं’ हे म्हणणं लुळं पडतं. दुसरं, पी०४२० चा अर्थ ‘कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (धुरातले विषारी वायू कमी करणारा भाग) गेला’ असा लगेच होत नाही. कन्व्हर्टरचं काम ठरलेल्या पातळीच्या खाली दिसतंय, एवढंच तो सांगतो. त्यामागे सायलेन्सरच्या पाइपातली गळती असू शकते, मागचा ऑक्सिजन सेन्सर असू शकतो, किंवा एखादा सिलिंडर नीट पेटत नसेल. कोड म्हणजे निदान नव्हे, आणि ग्राहक आयोगापुढे नुसत्या कोडवर भिस्त ठेवली तर तक्रार तिथेच अडकते.

म्हणून गाडी कंपनीच्या अधिकृत सर्व्हिस सेंटरला न्या आणि फक्त तपासणी करून घ्या. जॉब कार्डवर, म्हणजे सर्व्हिस सेंटरच्या तपासणीच्या कागदावर, मीटरचा आकडा, कोड, पुसल्यापासूनचं अंतर आणि दोषाचं खरं कारण लेखी मागा. कन्व्हर्टर आतून रिकामा केलाय का, हेही पाहायला सांगा. त्यात प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम असे महाग धातू असतात, त्यामुळे आतला गाभा काढून विकण्याचे प्रकार घडतात. गाभाच नसेल, तर हा दोष चार दिवसांत आपोआप झाला असं कुणालाही म्हणता येणार नाही.

त्याआधी घरी एक व्हिडिओ काढा, मध्ये न थांबवता: आधी नंबर प्लेट, मग मीटर, मग स्टिअरिंगखालच्या सोळा पिनांच्या सॉकेटमध्ये स्कॅनर लावताना, मग मोबाइलचा स्क्रीन. पहिले स्क्रीनशॉट शेजाऱ्यांच्या मोबाइलवर असतील तर तो मोबाइल त्यांनी जपून ठेवावा. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे इलेक्ट्रॉनिक नोंदीसोबत प्रमाणपत्र लागतं. त्याचे दोन भाग असतात, एक मोबाइल ज्यांच्याकडे आहे त्यांचा आणि एक तज्ज्ञाचा. ग्राहक आयोगाचं काम प्रतिज्ञापत्रं आणि कागदपत्रांवर चालतं, तिथे दिवाणी कोर्टाइतका काटेकोरपणा नसतो. तरी प्रमाणपत्र जोडाच. पुढे अपिलात कुणी बोट ठेवायला नको.

‘स्कॅनरने कॉम्प्युटर बिघडला’ हा आरोप मला पोकळ वाटतो. भारतात एप्रिल २०१३ पासून गाड्यांना ओबीडीचा, म्हणजे गाडीने स्वतःचे दोष ओळखून नोंदवण्याच्या यंत्रणेचा, दुसरा टप्पा लागू आहे. ते सॉकेट तपासणीसाठीच दिलेलं असतं आणि कोड वाचल्याने कॉम्प्युटरमध्ये काही बदलत नाही, पुसल्याने बदलतं. मात्र स्वस्तातला स्कॅनर सॉकेटमध्ये कायमचा अडकवून ठेवू नका.

आता ‘जशी आहे तशी’ या सहीबद्दल. माल विक्री अधिनियम, १९३० मधल्या गुणवत्तेच्या गर्भित (न लिहिताही लागू असणाऱ्या) अटी करार करून वगळता येतात, ही डीलरची बाजू खरी आहे. पण फसवणूक अशी वगळता येत नाही. भारतीय करार अधिनियमाच्या कलम १७ प्रमाणे माहीत असलेली गोष्ट सक्रियपणे लपवणं ही फसवणूक आहे, आणि कलम १९ प्रमाणे असा करार तुम्हाला रद्द करता येतो. डीलर म्हणेल, ‘घेण्याआधी स्कॅन करायला तुमचा हात कुणी धरला होता?’ कलम १९ मध्ये असा अपवाद आहे खरा, पण तो चुकीचं निवेदन आणि कपटी मौन यांच्यापुरता आहे. दोष दाखवणारी खूणच पुसून टाकणं हे मौन नाही. तुमच्या तक्रारीचा कणा हा असेल.

त्यासाठी डीलरला दोष माहीत होता हे दाखवावं लागेल, आणि इथे आधीचे मालक उपयोगी पडतील. आरसीवरून आणि ट्रान्स्फरच्या कागदांवरून त्यांचं नाव मिळेल. त्यांनी गाडी दिली तेव्हा दिवा लागलेला होता का, सर्व्हिस सेंटरने हा दोष सांगितला होता का, हे विचारा. होकार आला तर प्रतिज्ञापत्र घ्या. सर्व्हिसच्या जुन्या नोंदी कुणी देत नसेल, तर त्या मागवण्याचा अधिकार आयोगाला आहे. डीलरकडे आरटीओचं अधिकारपत्र आहे का, तेही पाहा. जुन्या गाड्यांच्या डीलरसाठी ते १ एप्रिल २०२३ पासून लागतं.

दुरुस्ती करण्याआधी डीलरला स्पीड पोस्टने नोटीस पाठवा. जॉब कार्डची प्रत जोडा, गाडी तपासायला पंधरा दिवसांची मुदत द्या. ही संधी न देता पार्ट बदललात, तर जुना पार्ट कसा होता यावर वाद घालायला त्याला मोकळं रान मिळेल. तरीही बदलावाच लागला, तर जुना पार्ट गॅरेजमधून परत घेऊन घरी ठेवा.

उत्तर आलं नाही, तर तक्रार नाशिकच्या जिल्हा ग्राहक आयोगातच करा. ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ च्या कलम ३४ मुळे पुण्याच्या खेपा घालाव्या लागत नाहीत. दिलेली किंमत पाच लाखांच्या आत असल्याने फी नाही, आणि मुदत दोन वर्षांची आहे. विक्री करणारा डीलर नसून एखादा खासगी मालक असता, तर हा दरवाजा बंद होता. दिवाणी कोर्टात जावं लागलं असतं.

मागणी करताना पूर्ण रक्कम परत मागा आणि पर्यायी म्हणून दुरुस्तीचा खर्च, नुकसानभरपाई व तक्रारीचा खर्च लिहा. दहा वर्षांहून जुन्या गाडीत पर्यायी मागणी मंजूर होण्याची शक्यता मला जास्त वाटते. पैसे परत हवेच असतील, तर गाडी परत करण्याची तयारी नोटिशीतच लिहा आणि आजपासून ती शक्य तितकी कमी चालवा. सहा महिने रोज वापरून मग ‘करार रद्द’ म्हटलं, तर आयोग ते मान्य करणार नाही.

पोलिसांत फसवणुकीची तक्रार करता येते, पण आधीच्या मालकांचं म्हणणं हाती येईपर्यंत थांबा. आज गेलात तर ‘हे दिवाणी प्रकरण आहे’ म्हणून परत पाठवतील. आधी जॉब कार्ड, मग आधीच्या मालकांना फोन, आणि या आठवड्यातच नोटीस.