काबूलच्या प्रशिक्षण मोहिमेवर टिपण लिहिताना

प्रिय मित्रा,

कॅनडाच्या अफगाणिस्तानातल्या प्रशिक्षण मोहिमेवर लिहायला बसलास की सरकारी निवेदन बाजूला ठेव आणि आधी तारखा मांड. कंदाहारमधली लढाई जुलै २०११ मध्ये थांबवली. त्याच वर्षी मुख्यतः काबूलमध्ये प्रशिक्षणाचं काम सुरू झालं, त्यासाठी कमाल ९५० जण ठरले, आणि मार्च २०१४ मध्ये तेही आवरलं. या तारखा शेजारी शेजारी ठेवल्या की न बोललेलं उद्दिष्ट आपोआप दिसतं: लढाईतून अंग काढायचं, पण नाटोच्या पंगतीतून उठायचं नाही. प्रशिक्षकांनी छावणीच्या आतच शिकवायचं, ही अट तिथूनच आली. आत बसलेल्याला वर्ग दिसतो. तीच पलटण गस्तीवर काय करते ते दिसत नाही.

अफगाण फौज उभी करणं हे जाहीर उद्दिष्ट. तिथे एकच गोष्ट शोध, मोजलं काय? साक्षरतेचं उदाहरण घे. नाटोच्या प्रशिक्षण मोहिमेने ठरवलं होतं, सगळ्यांना पहिली पातळी आणि निम्म्यांना तिसरी. पहिली पातळी म्हणजे सुटे शब्द लिहिता-वाचता येणं, हजारपर्यंत मोजणं, साधी बेरीज-वजाबाकी. एवढ्यावर रायफलचा नंबर वहीत उतरवता येतो, सुट्या भागांचा मागणी-अर्ज भरता येत नाही. अफगाणिस्तानच्या पुनर्उभारणीवरचा खर्च तपासणाऱ्या अमेरिकेच्या विशेष महानिरीक्षकांचा २०१४ चा अहवाल जरूर वाच. लक्ष्य २००९ च्या १,४८,००० मंजूर पदांवर बेतलेलं. फौज मात्र ३,५२,००० वर न्यायची होती. परीक्षा त्रयस्थाकडून तपासून घेण्याची सक्ती कंत्राटांत नव्हतीच. त्यात फौज सोडून जाणारे इतके, की पास झालेला माणूस पुढच्या वर्षी पलटणीत असेलच याचा भरवसा नाही. शिकवलेल्यांची बेरीज मात्र वाढतच राहते. (अशी बेरीज मंत्र्यांना फार आवडते.)

दुरुस्तीकडेही बघ. अफगाण मेकॅनिकांचा हात एमआय-१७ हेलिकॉप्टरवर बसला होता. नंतर अमेरिकी बनावटीची ब्लॅक हॉक हेलिकॉप्टरं आली आणि त्यांची बरीचशी देखभाल परदेशी कंत्राटदारांच्या हाती राहिली. २०२१ मध्ये ते कंत्राटदार निघाले, आणि हवाई दलाची यंत्रं ऐन वेळी जमिनीवर खिळू लागली.

मसुदा पाठव. ‘इतक्या जणांना प्रशिक्षण दिले’ असं जिथे लिहिशील, तिथे समोर वर्षभरानंतरची हजेरी लिही. ती सापडली नाही तर वाक्य खोड.

तुझा,
एक जुना वाचक