मोतीबिंदू जास्त पिकला तर ऑपरेशनमध्ये कॉर्नियाच्या पेशी खरंच कमी होतात का?

हो, होतात. कॉर्निया म्हणजे डोळ्याचा पुढचा पारदर्शक पडदा. मऊ मोतीबिंदू काढतानाही थोड्या जातातच, कडक असला की जास्त. पण तुम्ही लिहिलंय की वडिलांचा मोतीबिंदू ग्रेड ३, म्हणजे बऱ्यापैकी कडक आहे आणि काका म्हणतायत 'अजून पिकू दे', ते वाचून राहवलं नाही. आमच्या घरातले असले काका म्हणजे माझे थोरले दीर.

सासूबाईंना कित्येक वर्षं जवळचा चष्मा होता आणि मधेच त्या चष्म्याशिवाय पेपर वाचायला लागल्या. भाऊजी खूश, आईची नजर सुधारतेय, तुम्हालाच ऑपरेशनची घाई! अहो, मोतीबिंदूचा गाभा कडक व्हायला लागला की मायनस नंबर येतो म्हणून जवळचं दिसतं, सुधारत काही नसतं. मी तेव्हाच सांगितलं होतं, पण सुनेचं ऐकतंय कोण. मग थंडीत करू, मग पुतणीचं लग्न होऊ दे, असं करत करत गाभा पार तपकिरी झाला. निरांजन लावताना काडी वातीच्या शेजारी धरायच्या आणि बोट भाजून घ्यायच्या, तेव्हा कुठे मंडळी हलली.

डॉक्टरांनी आधी स्पेक्युलर काढलं, म्हणजे कॉर्नियाच्या पेशी मोजायची तपासणी. स्क्रीनवर मधमाश्यांच्या पोळ्यासारख्या षटकोनी पेशी दिसतात. कॉर्नियाच्या आतल्या बाजूला हा एकच थर, काम काय तर कॉर्नियातलं पाणी सतत बाहेर टाकून तो स्वच्छ ठेवायचा. मोठ्या माणसात चौरस मिलिमीटरला साधारण २५०० असतात, गेलेली परत येत नाही, शेजारच्याच पसरून जागा भरतात. फाको म्हणजे मोतीबिंदूचं मशीनचं ऑपरेशन, त्यात अल्ट्रासाउंडने गाभा फोडून ओढून घेतात, कडक असला की मशीन जास्त वेळ चालतं, आत पाणी जास्त खेळतं आणि टणक तुकडे उडून त्या थरावर आपटतात. जेल घालून वाचवतात, तरी काही जातातच.

ऑपरेशननंतर सासूबाईंना सकाळी सगळं धुरकट, दुपारपर्यंत निवळायचं, कारण पेशी कमी झाल्या की कॉर्नियात पाणी साचतं, त्यात झोपेत डोळा मिटलेला असतो आणि सूज वाढते. भाऊजींचं लगेच सुरू, डॉक्टरने बिघडवलं. डॉक्टरने?? वाट कोणी बघायला लावली? नशीब, ड्रॉपवर सूज उतरली. पेशी ५०० च्या आसपास आल्या की ती उतरायचं नाव घेत नाही, मग तो थरच दुसऱ्याचा बसवावा लागतो.

तेव्हा वडिलांचं स्पेक्युलर करून घ्या आणि आकडा काकांना दाखवा. गाभा फारच कडक असेल तर डॉक्टर एसआयसीएस सुचवतील, म्हणजे ६-७ मिलिमीटरची चीर देऊन गाभा अख्खाच काढतात, त्याला स्वस्तातलं म्हणून नाक मुरडू नका, पेशी मात्र त्यातही थोड्या जातात. आणि हो, कडक म्हणजे ऑपरेशन फसणारच असं नाही, बहुतेकांचं नीट होतं. उलट मोतीबिंदू कोवळा असेल, कामं अडत नसतील तर उगाच धावायची गरज नाही. डायबेटिस किंवा कॉर्नियाचा आधीचा काही त्रास असेल तर मात्र डॉक्टरांना आधीच सांगा.

थंडीची वाट बघू नका, ऑपरेशन एसी ओटीत होतं, अंगणात नाही. हे भाऊजींनाही सांगून झालंय.