पान मिटलंय? आधी उघडून बघा

लातूरहून एका ताईंचा प्रश्न: गेटजवळच्या बेंजामिनाची (शोभेचं फायकस झाड) नवी पानं शिरेवर दुमडून शेंगेसारखी झालीत, वर तांबडे-जांभळे ठिपके पण आहेत. हा व्हायरस आहे का?

नाही हो ताई, व्हायरस नाही. एक शेंग पांढऱ्या कागदावर हळू उघडा. आत दोन-तीन मिलिमीटरचे काळे बारीक किडे, पिवळसर पिल्लं आणि अंडी असा अख्खा संसार दिसेल. हे फुलकिडे, म्हणजे आपले थ्रिप्स, फक्त हे पानाची गाठ करून त्यातच राहतात. प्रौढ किडा कोवळ्या पानातला रस शोषतो, पान मधल्या शिरेवर मिटतं आणि मादी आत अंडी घालते. जून पान असं मिटत नाही, म्हणून तुम्हाला सगळं शेंड्यालाच दिसतंय. पिल्लांच्या दोन अवस्था, मग न खाता बसून काढायच्या तीन, हे सगळं त्याच घरात उरकतं, त्यामुळं वरून फवारा मारला तरी तो आतपर्यंत पोचत नाही, पैसे मात्र जातात. दुमडलेले शेंडे कापा, पिशवीत बांधून टाका. खाली टाकून ठेवलेत तर किडे निघून परत झाडावर.

परभणीचा कृषीचा विद्यार्थी: सर, हा थ्रिप्स गायनायकोथ्रिप्स वंशातली उझेली जात की फिकोरम, कसं ओळखू?

बेंजामिनावर बहुतेक उझेली आणि फायकस मायक्रोकार्पावर फिकोरम, पण नुसत्या झाडावरून नाव लिहिलंस तर मी मार्क कापीन. सूक्ष्मदर्शकासाठी स्लाइड कर. डोक्यामागच्या कवचाच्या मागच्या कोपऱ्यावरचा केस बघ, उझेलीत तो चांगला लांब असतो, फिकोरममध्ये आखूड, आजूबाजूच्या बारीक केसांसारखाच. आणि स्लाइडला एकच किडा घेऊ नकोस, पाच-सहा घे, कारण गाठीत भाडेकरू पण असतात. पुढचे पाय जाडजूड असलेला अँड्रोथ्रिप्स, म्हणजे दुसराच एक थ्रिप्स, तिथंच सापडतो. गाठ कुणी केली आणि नंतर कोण घुसलं, हे दोन वेगळे प्रश्न आहेत बाळा.

मिरचीवाले काका, जालना: आमच्या मिरचीचा चुरडा-मुरडा पण हाच किडा का?

नाही काका. तो वेगळा थ्रिप्स, फिकट पिवळा आणि लय बारीक, जेमतेम एक मिलिमीटर. पान वर होडीसारखं वळलं तर थ्रिप्स, खाली वळलं तर कोळी, म्हणजे माइट, बघा. बेंजामिनावरचा तुमच्या मिरचीवर येत नाही, शेजाऱ्याचं झाड तोडायला लावू नका.

संभाजीनगर: बेंजामिनाच्या झाडाखाली बसलं की हे थ्रिप्स चावतात.

चावतात, खरंय. रक्तासाठी नाही, उगाच टोचून बघतात. बाकडं सरकवा.