दोन्ही हातांचं बीपी कुणी मोजलं का?

महाधमनी फाटण्याबद्दल मागच्या वेळी ओझरतं लिहिलं होतं. त्यावर आलेल्या पत्रांपैकी चार इथे घेतो.

प्रश्न : बाबा ५८ वर्षांचे. बीपीची गोळी कधी घेतात, कधी नाही. कापसाचं गाठोडं उचलताना पाठीत एकदम जोराची कळ आली, घामाघूम झाले. उसण भरली म्हणून चोळलं, मग गॅसचं इंजेक्शन दिलं. बीपी एकाच हाताचं घेतलं. ईसीजी नॉर्मल, म्हणून घरी पाठवलं. दुसऱ्या दिवशी नागपुरात सीटी केला तर महाधमनी फाटलेली. मग ईसीजी नॉर्मल कसा आला? (घाटंजी तालुका)

उत्तर : ईसीजी हृदयाच्या स्नायूचा हाल सांगतो. महाधमनी म्हणजे हृदयातून निघणारी रक्ताची मुख्य नळी. तिच्या भिंतीला तीन थर असतात. आतल्या थराला चीर पडली की रक्त थरांच्या मध्ये शिरतं आणि त्यांना उकलत पुढे सरकतं. हृदयाच्या स्नायूला रक्त पोचत असेल तर ईसीजी स्वच्छच येणार.

ही चीर जिथवर पोचते तिथल्या आजाराचं सोंग घेते. हृदयाच्या रक्तवाहिनीचं तोंड दबलं तर हार्ट अटॅक, मानेच्या रक्तवाहिनीत गेली तर लकवा, मूत्रपिंडाचं रक्त तुटलं तर मुतखडा, आणि पायाचं तुटलं तर गार पडलेला, बधिर पाय. एका हाताचं अडलं तर दोन हातांच्या बीपीत फरक पडतो. म्हणून दुखणं कुठे आहे यापेक्षा ते सुरू कसं झालं हे आधी विचारा. अटॅकचं दुखणं बहुतेकदा वाढत जातं. महाधमनीचं दुखणं पहिल्याच क्षणी सगळ्यात जास्त असतं, आणि कधी छातीतून पाठीत, पाठीतून कमरेत उतरतं. उसण हलल्यावर दुखते, स्वस्थ पडलं की सैल होते. हे दुखणं कुठल्याच कुशीवर चैन पडू देत नाही.

हा आजार मोठ्या शहरांतल्या दवाखान्यांतही चुकतो. तरीही दुसऱ्या हाताला पट्टा बांधायला दोन मिनिटं पुरली असती, हे वाचताना फार वाईट वाटलं.

प्रश्न : ग्रामीण रुग्णालयात रात्री एकटा असतो. ईसीजीत हृदयाच्या खालच्या भिंतीचा अटॅक दिसतो आणि गुठळी विरघळवणारं इंजेक्शन हाताशी असतं. थांबायचं कधी? (वैद्यकीय अधिकारी, मेळघाट)

उत्तर : डॉक्टर, महाधमनी फाटण्यापेक्षा अटॅक कितीतरी जास्त दिसतो, त्यामुळे धास्तीनं प्रत्येकाचं इंजेक्शन रोखू नका. पण महाधमनीची चीर उजव्या कोरोनरीच्या (हृदयाला रक्त देणाऱ्या उजव्या रक्तवाहिनीच्या) तोंडाशी आली की अगदी असाच ईसीजी येतो, आणि तेव्हा ते इंजेक्शन जीव घेऊ शकतं. सुई लावण्याआधी दोन्ही हातांचं बीपी घ्या. वरच्या आकड्यात २० पेक्षा जास्त फरक असेल तर थांबा. मनगटाच्या आणि जांघेच्या नाड्या चाचपा. महाधमनीच्या झडपेतून गळतीचा नवा आवाज येतो का ऐका. छातीच्या एक्स-रेत मधली सावली रुंद दिसली तर संशय बळावतो, पण एक्स-रे नॉर्मल आला म्हणून निश्चिंत होऊ नका. नाड्या सारख्या लागल्या म्हणूनही नाही.

संशय असेल तर गुठळीचं इंजेक्शन नको, रक्त पातळ करणारं हेपॅरिनही नको. दुखणं मॉर्फिननं शमवा. बीपी चढलेलं असेल तर शिरेतून बीटा ब्लॉकर (नाडी आणि बीपी उतरवणारं औषध) द्या. नाडी ६० च्या आत, वरचं बीपी १०० ते १२० वर आणायचं. आधी नाडी, मग बीपी. जिभेखालची निफेडिपिन नकोच. तिनं बीपी झपकन पडतं, हृदय आणखी जोरात धावतं आणि चीर वाढते. बीपी आधीच खाली असेल तर बीटा ब्लॉकर देऊ नका, तो रुग्ण बहुधा हृदयाभोवती रक्त साचल्यानं खचतोय. १०८ बोलवा, आणि सीटी अँजिओ (रक्तवाहिन्यांचा सीटी) व हृदयशस्त्रक्रिया दोन्ही जिथे होतात तिथेच पाठवा. मेळघाटातून दोनदा हलवण्याइतका वेळ नसतो. हृदयाजवळची चीर असेल तर उपचाराविना पहिल्या ४८ तासांत दर तासाला शंभरातले एक-दोन रुग्ण दगावतात.

प्रश्न : माझ्या गावातल्या काकूंना लकवा झाला. आधी छातीत कळ आल्याचं त्या सांगत होत्या, पण मी ते चिठ्ठीवर लिहिलं नाही. लिहायला हवं होतं का? (आशाताई, गडचिरोली जिल्हा)

उत्तर : हो ताई, पुढच्या वेळी नक्की लिहा. लकव्यालाही गुठळी विरघळवणारं औषध देतात, म्हणून ती एक ओळ डॉक्टरांचा निर्णय बदलू शकते. पन्नाशीनंतर पहिल्यांदाच मुतखड्याची कळ आली, किंवा पोटशुळासोबत एक पाय गार लागला, तर तेही लिहा. क्वचित यात दुखतही नाही, माणूस नुसता चक्कर येऊन पडतो.

प्रश्न : मोठेबाबांचं ऑपरेशन झालं. आता ते जगतील ना? आणि आम्ही घरच्यांनी तपासायचं का? (वणी)

उत्तर : वेळेत ऑपरेशन झालेले अनेक जण पुढे कित्येक वर्षं जगतात. या आजाराचं एक वर्गीकरण ज्यांच्या नावानं ओळखलं जातं त्या मायकल डिबेकी या शल्यविशारदांची स्वतःचीच महाधमनी २००५ च्या अखेरीस, ९७ व्या वर्षी फाटली. ऑपरेशन होऊन ते २००८ पर्यंत जगले.

मोठेबाबांची भावंडं आणि मुलं यांनी एकदा इको (हृदयाची सोनोग्राफी) करून घ्यावा. घरात कुणी फार उंच, लांबसडक बोटांचं असेल तर ते डॉक्टरांना आवर्जून सांगा, कारण महाधमनी कमजोर करणाऱ्या आनुवंशिक आजाराची ती खूण असू शकते. आणि मोठेबाबांची बीपीची गोळी रोजची आहे. बरं वाटतंय म्हणून, किंवा पेरणीच्या धांदलीत पाकीट संपलं म्हणून, ती थांबवू नका. संपायच्या आठवडाभर आधीच आणून ठेवा.