वाचकांचे प्रश्न : झिदानला अडवणारा लॅम्बर्ट

प्रश्न : तालीम संघातून मधल्या फळीत खेळतो. स्कॉटलंडच्या पॉल लॅम्बर्टने चॅम्पियन्स लीगच्या फायनलमध्ये झिदानला खेळू दिलं नाही म्हणतात. ते कसं जमलं, आणि सरावात कसं बसवायचं? – एक वाचक, शिवाजी पेठ

उत्तर : २८ मे १९९७, म्युनिक. जर्मनीच्या डॉर्टमुंड क्लबने इटलीच्या युव्हेंटसला ३-१ असं हरवलं. लॅम्बर्ट आदल्याच वर्षी स्कॉटलंडच्या मदरवेल क्लबचा करार संपवून, चाचणी देऊन डॉर्टमुंडमध्ये आला होता. त्या रात्री युव्हेंटसचे हल्ले रचणारा झिदान त्याच्या वाट्याला होता. शिवाय डॉर्टमुंडच्या रीडलेचा पहिला गोल लॅम्बर्टच्याच क्रॉसवर झाला, हे मात्र फार जण विसरतात.

चेंडू आल्यावर धावत सुटणाऱ्याला झिदानसारखा खेळाडू सापडत नाही. आपल्या गोलच्या बाजूने, अर्धं वळून, दोन-तीन मीटरवर उभं राहा म्हणजे चेंडू आणि माणूस दोन्ही दिसतात. पास सुटला की तो पोहोचायच्या आत हातभर अंतरावर या. पाय घालायची घाई नको. त्याला वळू न देणं हेच काम. तो चेंडू मागे देतो तेव्हा तुम्ही जिंकलेले असता, टाळ्या पडोत न पडोत. तो स्वतःच्या स्टॉपरजवळ (मधल्या बचावपटूजवळ) चेंडू घ्यायला उतरला तर मागोमाग जाऊ नका. फॉरवर्डला हाक मारून त्याला सोपवा, नाहीतर तुमच्या बचावफळीपुढची जागा मोकळी पडते.

सरावासाठी ३० बाय २० मीटरची चौकट आखा. मधे १० मीटरचा पट्टा, दोन्ही टोकांना तीन-तीन खेळाडू, पट्ट्यात एक ‘दहा नंबर’ (हल्ले रचणारा) आणि एक अडवणारा. टोकाच्या खेळाडूंनी पट्ट्यातल्या माणसाला पास द्यायचा. तो वळून चेंडू पलीकडे पोहोचवू शकला तर त्याचा गुण, मागे द्यावा लागला तर अडवणाऱ्याचा. ९० सेकंदांचा डाव, तेवढीच विश्रांती, सहा डाव. थकव्यात जागा सुटते, म्हणून विश्रांतीत कपात करू नका. नेहमीची चूक म्हणजे नजर चेंडूवर खिळणे. प्रत्येक पासआधी दोनदा खांद्यावरून मागे बघायची सक्ती करा. दुसरी म्हणजे मागून धक्का. डीच्या (पेनल्टी क्षेत्राच्या) तोंडावर तो फाऊल म्हणजे समोरच्याला फुकटची फ्री किक.

प्रश्न : खेळ सोडल्यावर प्रशिक्षक व्हायचंय. लॅम्बर्टचं त्यात काय झालं? – एक वाचक, मंगळवार पेठ

उत्तर : सुरुवात वाईट झाली. सेल्टिकचं कर्णधारपद आणि स्कॉटलंडचे ४० सामने गाठीशी असूनही २००५-०६ मध्ये तो प्रशिक्षक असलेला स्कॉटलंडचा लिव्हिंग्स्टन क्लब तळाला असताना त्याला मोसम संपायच्या आत पायउतार व्हावं लागलं. नंतर तो इंग्लंडच्या चौथ्या श्रेणीतल्या वायकाँबला गेला आणि २००७ मध्ये संघ लीग कपच्या उपांत्य फेरीत नेला. ऑगस्ट २००९ मध्ये त्याच्या कोल्चेस्टरने नॉरिचला त्यांच्याच मैदानावर ७-१ ने धुतलं, आणि काही दिवसांतच नॉरिचने त्यालाच बोलावून घेतलं! लागोपाठ दोन मोसमांत वरच्या श्रेणीत दोन बढत्या, मग प्रीमियर लीगमध्ये बारावा क्रमांक. पुढे अ‍ॅस्टन व्हिलात मात्र तसं यश आलं नाही.

नॉरिचमध्ये तो बऱ्याचदा मधली फळी हिऱ्याच्या आकारात लावायचा, पुढच्या टोकाला हूलाहन हा खेळाडू. या रचनेत मधे माणसं जास्त होतात, पण कडा उघड्या पडतात; समोरचा विंग आणि बॅक मिळून तुमच्या एकट्या बॅकवर तुटून पडतात. म्हणून हिऱ्याच्या बाजूच्या दोघांत आत-बाहेर पळण्याचा दम हवा. तो नसेल तर सरळ चौघांची रांग लावा.

लॅम्बर्टने प्रशिक्षकाचा परवाना जर्मनीत घेतला. आपल्याकडे अखिल भारतीय फुटबॉल महासंघाच्या परवान्यांची पायरी डी, सी, बी, ए आणि प्रो अशी आहे. उत्तम खेळणं आणि शिकवणं ही दोन वेगळी कामं आहेत, म्हणून खेळत असतानाच डी करून घ्या आणि तालमीतल्या लहान मुलांचा एक गट हाती घ्या. प्रत्येक सरावाआधी कागदावर तीनच गोष्टी लिहा : आज काय शिकवायचं, किती मिनिटं, आणि मुलं चुकली तर काय बदलायचं. तिसरा रकाना रिकामा राहिला, तर तो सराव अजून तयार नाही.